एका अज्ञात फोनमुळे

४ जानेवारी

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

तुमची माझी ओळख नाही. परक्या माणसाचं पत्र म्हणून फाडायचं असेल तर खुशाल फाडा, पण वाचून फाडा.

कागद कारखान्याच्या या गावात मी लाउडस्पीकर भाड्याने देतो. लग्न, सभा, शाळेचं स्नेहसंमेलन, निवडणूक. बोलणारे बदलतात, कर्णे माझेच. म्हणून गाव मला कर्णेवाला म्हणतं. एका फुटक्या कर्ण्यावर धंदा सुरू केला, आता दोन टेम्पो आहेत. देवाने शिक्षण दिलं नाही, कान मात्र हात सैल सोडून दिले. भाषण ऐकून सांगतो, वक्त्याचं पोट बिघडलंय की मन.

इथल्या दैनिकात 'दिनविशेष' हे सदर लिहिणारे मास्तर माझे स्नेही. जगात कुठे कोणती लढाई झाली, कोणता शोध लागला, आणि शेवटच्या ओळीत आपल्या गावात काय घडलं, असं ते रोज छापतात. त्यांना तुमचं पत्र आलं. ते गोंधळले आणि माझ्याकडे घेऊन आले. तुम्ही लिहिलंय :

"दरवर्षी २२ फेब्रुवारीला आपण छापता, 'कागद कारखान्यात लगद्याच्या टाकीचा स्फोट. एका अज्ञात फोनमुळे कामगार आधीच बाहेर.' यंदा पन्नास वर्षं होतील. आता तरी ती ओळ काढावी आणि त्या मुलीचा पिच्छा सोडावा. एक वाचक."

खाली सही नाही, पण पाकिटामागे पत्ता आहे. सवयीने घातलात वाटतं.

बाई, ती ओळ काढायला मास्तरांची हरकत नाही. माझी आहे. कारण त्या टाकीखाली त्या सकाळी मी उभा होतो. तुम्हाला ती का खुपते, एवढंच कळवाल का?

आपला,
कर्णेवाला

१५ जानेवारी

रा. रा. कर्णेवाले यांस,

स. न. वि. वि.

मी शिवणक्लास चालवते. तुमच्या गावाशी माझा संबंध नाही. वर्तमानपत्राने खात्री नसलेली गोष्ट वर्षानुवर्षं छापू नये, एवढंच म्हणणं होतं. अज्ञात म्हणजे लोकांना संशय घ्यायला मोकळं रान. कुणाची तरी लेकबाळ असेल ती. तिच्या घरच्यांनी काय भोगलं असेल, याचा विचार छापणारा करत नाही.

पुन्हा पत्र पाठवण्याची तसदी घेऊ नये.

एक वाचक

२१ जानेवारी

आदरणीय बाई,

तसदी घेतोय. रागवा, पण वाचा.

गावाशी संबंध नसलेली बाई आमचं चार पानी दैनिक टपालाने मागवते, ही गोष्ट मी बाजूला ठेवतो. तुम्हाला वाटतं, आम्ही त्या फोनवर संशय घेतो? मग ती सकाळ आमच्या बाजूने कशी होती ते ऐका.

मी तेव्हा एकवीस वर्षांचा, लगद्याच्या शेडमध्ये ओझी वाहणारा. डोक्यावर टाकी. तीन मजली घर उलटं टांगावं एवढी, आत उकळता लगदा. माझी थोरली बहीण, ताई, कारखान्याच्या फाटकाशी टेलिफोनचा बोर्ड सांभाळायची. बाहेरगावचा ट्रंक कॉल आला. खरखर, शिट्ट्या, आणि त्यातून एका मुलीचा जिवाच्या आकांताने ओरडा : "टाकी फुटली! टाकी फुटली! बाबांना सांगा!" लाइन तुटली.

दुसरी कुणी असती तर आधी साहेबाला विचारायला गेली असती. ताई उठली आणि तिने भोंग्याचा खटका ओढला. आम्ही शेडमधले एकमेकांकडे बघत राहिलो. टाकी तर डोक्यावर धडधाकट! पण आमचा फोरमन बाकी कुणासारखा नव्हता. 'आधी बाहेर, मग शंका' म्हणत त्याने मानगुटी धरधरून आम्हाला हाकललं. माझ्या मानेवरची ती पाच बोटं मला अजून ओळखीची आहेत.

फाटकाबाहेर सगळा कारखाना जमला. हसणं, शिव्या, चहा. मॅनेजर ताईवर धावून आले : "कुणी सांगितलं टाकी फुटली? मला दाखवा कुठे फुटली!" बिचाऱ्यांचं वाक्य संपलं आणि टाकीने दाखवलं. छप्पर उडून शेतात पडलं. गावातली झाडं लगद्याने पांढरी झाली. आमचा सायकल स्टँड गेला, माणूस एकही गेलं नाही.

बाई, या गावात आज जी म्हातारी माणसं बाजारात भाव करताना दिसतात, ती त्या मुलीच्या ओरड्यावर जगलीत. 'अज्ञात' या शब्दाला आमच्याकडे देवघरातल्या शब्दाचा मान आहे. चौकशीवाल्यांनी तिला शोधलं ते पकडायला असेल. आम्ही शोधलं ते पाया पडायला.

आता एक कानाची गोष्ट. छापलं जातं 'अज्ञात फोन'. फोन मुलीचा होता, हे ताईने फक्त चौकशीत सांगितलं आणि घरात. पेपरात ते कधी आलं नाही. तुमच्या पहिल्याच पत्रात 'त्या मुलीचा पिच्छा' असं आहे.

मी काही विचारत नाही. ताई अठ्ठ्याहत्तरची आहे, इतकंच सांगतो.

कर्णेवाला

२ फेब्रुवारी

कर्णेवाले,

तुमचं पत्र शिवणयंत्राच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. रोज काढायचे, ठेवायचे. काल लेकीने विचारलं, "आई, कुणाची नोटीस आलीये का?" आमच्या घरात बंद पाकीट म्हटलं की पहिला शब्द हाच येतो. तिला काही माहीत नाही, तरी येतो. म्हणून आज लिहायला बसले.

तो फोन मी केला. मी पंधरा वर्षांची होते. तुमचा फोरमन माझे बाबा.

पण मी टाकी म्हटलंच नव्हतं हो!

बाबा लहानपणी पोरके झाले. त्यांना वाढवलं त्यांच्या वहिनीने, म्हणजे माझ्या काकीने. बाबा तिला वहिनी म्हणायचे, पण ती त्यांची आईच. ती अंथरुणाला खिळली, डॉक्टरांनी हात टेकले. बाबांना रजा मिळेना, म्हणून शुश्रूषेला मला तिच्या गावी पाठवलं होतं. त्या सकाळी मी पाणी घेऊन आत गेले तर काकी भिंतीला टेकून उठून बसलेली! म्हणाली, "अशी भुतासारखी बघतेस काय, फणी दे." मी अनवाणी धावत पोस्टात गेले. रडत होते, हसत होते. लाइन लागली आणि मी ओरडले : "काकी उठली! काकी उठली! बाबांना सांगा!"

काकी उठली. तुमच्या ताईंनी ऐकलं, टाकी फुटली.

संध्याकाळी घरी आले आणि बाबांना आनंदाने सांगायला गेले, मी सकाळी फोन केला होता. त्यांचा चेहरा कागदासारखा झाला. मग म्हणाले, "पोरी, हे यापुढे भिंतीलाही सांगायचं नाही." चौकशी लागली होती. टाकी फुटायच्या आधी टाकी फुटल्याचं कुणाला ठाऊक होतं, हाच पहिला प्रश्न. टाकीवर फोरमन बाबा, फोन त्यांच्याच मुलीचा. काकीची गोष्ट कोण खरी मानणार? शिवाय एक भीती त्याहून मोठी. लोक म्हणतील, माणसं बाहेर काढली, वाफ तशीच चालू राहिली, म्हणून टाकी फुटली. म्हणजे माझ्या ओरडण्यानेच फुटली. बाबा सांगायचे, "मी वाफ बंद केली होती. पण मागे कोणी नव्हतं. पाहिलं कोणी?"

आठवड्यात नोकरी सोडून आम्ही इथे आलो. पुढे एकदा कारखान्याची दोन माणसं पत्ता काढत दारात आली. बाबा मागच्या दाराने निघून गेले, आईने सांगितलं, "इथे असं कोणी राहत नाही." बाबा हयात होते तोवर दारावर थाप पडली की ते आधी खिडकीतून बघायचे.

तुम्ही टाकीखाली होतात म्हणता. मग एकच सांगा. वाफ बंद झाली होती का? काय असेल ते खरं सांगा. आता मला चालेल.

फोरमनची मुलगी

६ फेब्रुवारी

ताईसाहेब,

आता 'बाई' नाही म्हणवत.

आधी तुमचं उत्तर. वाफ बंद झाली होती. मी पाहिलं.

तुमच्या बाबांनी मला ढकललं, मी दारात चप्पल अडकून पडलो. उठताना मागे वळून बघितलं, तर फोरमन वाफेच्या नळाचं चाक दोन्ही हातांनी पिळत होता. गंजकं चाक, पाय भिंतीला लावून जोर करत होता. शेवटपर्यंत आवळलं, वर एक शिवी दिली आणि मग निघाला. शेडमधून सगळ्यांत शेवटी बाहेर पडलेला माणूस तो. हे मी चौकशीत सांगितलं, माझ्यासारखं आणखी दोघांनी सांगितलं. निकाल काय लागला तर टाकीचा जोड आतून खाऊन गेला होता, ती जाणारच होती. वाफ चालू असती तर छप्पर शेतात नाही, फाटकावर येऊन पडलं असतं. आणि फाटकाशी आम्ही सगळे.

तुमच्या दारात आलेली माणसं कोण होती ठाऊक आहे? एक माझे दाजी, ताईचे यजमान. दुसरा वेल्डर. कामगारांनी त्यांना पाठवलं होतं, फोरमनला हाताला धरून परत आणा म्हणून. जोडीने परत आले आणि दाजी म्हणाले, "पत्ता चुकीचा निघाला. घरातली बाई मात्र फार घाबरलेली वाटली, बिचारी."

तुमचे बाबा आयुष्यभर ज्यांना चुकवत राहिले, ते त्यांना मिठी मारायला आले होते. हे लिहिताना माझा चष्मा दोनदा पुसावा लागला.

आणि काकी! ताईसाहेब, टेम्पोत बसून तुमचं पत्र वाचलं. 'काकी उठली' या शब्दांशी आलो आणि असा हसलो की ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. म्हणाला, "शेठ, छातीत कळ आलीये का?" एका बाईने फणी मागितली आणि अख्खा कारखाना वाचला! मी आता कुणाचे आभार मानू? तुमचे, ताईचे, बाबांचे, की त्या खरखरणाऱ्या लाइनचे?

पण एक काटा आहे. ताईला अजून सांगितलेलं नाही. आज तिला जवळजवळ ऐकू येत नाही, पण गावात अजून तिच्या कानांचं नाव आहे. आया मुलांना म्हणतात, "लक्ष असावं तर बोर्डवाल्या ताईंसारखं." येत्या बावीसला गावाने कार्यक्रम ठेवलाय. आधी 'टाकीस्फोटाचा सुवर्णमहोत्सव' असा फलक लिहून आणला होता पठ्ठ्यांनी! मी म्हटलं, "अरे, स्फोटाचा कसला महोत्सव करता? उद्या पुराचा वाढदिवस कराल." तेव्हा आता 'वाचलेल्यांचा दिवस' असं ठरलंय. त्यात ताईचा सत्कार आहे, 'एक शब्द अचूक ऐकणारी' म्हणून. आता तिला कसं सांगू, की बये, तू तो शब्द चुकीचा ऐकलास?

तुमचा भाऊ म्हणा,
कर्णेवाला

१० फेब्रुवारी

भाऊ,

तुमचं पत्र मी आईबाबांच्या फोटोपुढे मोठ्याने वाचलं. वाफेचं चाक, भिंतीला लावलेला पाय, सगळं. शिवी गाळली. मग वाटलं, बाबांना तीच ओळखू येईल, म्हणून तीही वाचली. लेक दारात उभी राहून ऐकत होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आजोबा घाबरट नव्हते." तिला तसं वाटत होतं, हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

मला जे हवं होतं ते मिळालं. आता माझं ऐका. ताईंना काही सांगू नका. त्यांच्याच हाताने भोंगा वाजला, ते खरंच आहे. उरलेल्या दोन शब्दांचं काय एवढं? मास्तरांना सांगा, ओळ आहे तशी राहू दे. अज्ञात म्हणून मी पन्नास वर्षं दडून बसले होते, आता आनंदाने अज्ञात राहीन. सत्काराला बोलावू नका. मी समोर आले की प्रश्न निघतील, आणि खोटं बोलणं मला जमत नाही, हे तुम्ही माझ्या पहिल्याच पत्रावरून पकडलंत.

तुमच्या उपकारांत,
फोरमनची मुलगी

१४ फेब्रुवारी

ताईसाहेब,

तुमचा निरोप काल पोचला, पण माझ्या घरात आधीच गोंधळ झाला होता.

ताई बहिरी झाली तेव्हापासून डोळ्यांनी ऐकते. मी महिनाभर पाकिटं खिशात लपवतोय आणि जेवताना एकटाच हसतोय, हे तिने टिपलं. परवा ताट पुढे सरकवून म्हणाली, "या वयात तुला कुणाची पत्रं येतात? तुझी बायको गरीब आहे, मी नाही." बायको पदर तोंडाला लावून हसतेय. मी म्हटलं, "ताई, तसं काही नाही." ती म्हणाली, "काय? उसनं पाहिजे?" शेवटी हात टेकले आणि तुमची सगळी पत्रं तिच्यापुढे ठेवली.

भिंग घेऊन वाचायला बसली. तुमच्या कबुलीपाशी आली आणि थांबली. तोच कागद पुन्हा वाचला. ओठ हलत होते : काकी उठली, टाकी फुटली. काकी उठली, टाकी फुटली. भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता हिचं सगळं गेलं.

आणि ताई हसायला लागली. अशी की बायकोला पाठीवरून हात फिरवावा लागला. डोळे पुसून म्हणाली, "मेल्या, मी पन्नास वर्षं काळजीत आहे. ती पोर इतकी रडत ओरडली, तिच्या बाबांना मी निरोप दिलाच नाही! 'बाबांना सांगा' म्हणाली होती. कोण बाबा, विचारायच्या आत लाइन गेली. मला वाटायचं, तिचं कुणीतरी टाकीपाशी होतं आणि तिला कधी कळलंच नाही की ते सुखरूप आहे. आणि ती तर आनंदाने ओरडत होती!"

सत्काराचं विचारलं, तर म्हणते, "अचूक ऐकणारी, हे पुसायला सांग त्यांना. ऐकल्यावर उठली, असं लिहा म्हणावं. काकीसारखी."

पण मग तिने एक प्रश्न विचारला. म्हणाली, "ते सगळं राहू दे. ती काकी पुढे जगली ना?"

गेल्या दोन दिवसांत तिने हेच आठ वेळा विचारलंय. लवकर कळवा. आणि ताईसाहेब, आता दडायचं कारण उरलं नाही. बावीसला या. फोरमनचं नाव माझ्या कर्ण्यावरून घेणार आहे. तुम्ही समोर नसाल तर मी ते कुणाकडे बघून घेऊ?

कर्णेवाला

१७ फेब्रुवारी

भाऊ,

ताईंना सांगा, जगली. चांगली एकोणीस वर्षं जगली. माझ्या लग्नात पंगतीत वाढायला उभी होती, माझ्या लेकीला तिनेच पहिलं न्हाऊ घातलं. आम्हा सगळ्यांना शिव्या घालत, केस दिवसातून दोनदा विंचरत जगली. आपल्या उठण्याने काय झालं, हे मात्र तिला शेवटपर्यंत कळलं नाही. बाबांची शपथ होती. ती मला विचारायची, "तेव्हा मी उठल्याचं तू तुझ्या बापाला कळवलं होतंस ना गं? मग तो कधी काही बोलला कसा नाही?" मी मान फिरवायचे. बाबांनी तिला आई मानलं, पण ती बरी झाल्याचा आनंद तिच्यापाशी त्यांना कधी बोलून दाखवता आला नाही.

लेक म्हणते, चल, मी घेऊन जाते. पण भाऊ, पाय उचलत नाही. त्या फाटकासमोरून आम्ही तोंड लपवून गेलो होतो. आता त्याच वाटेने यायचं, सगळ्यांच्या देखत. मला बोलायला लावाल. पंधराव्या वर्षी एकदा मोठ्याने ओरडले, त्यानंतर मी मोठ्याने बोललेलीच नाही. क्लासमधल्या मुली म्हणतात, "बाई, तुमचं ऐकायला यंत्र थांबवावं लागतं."

या वर्षी राहू दे.

तुमची बहीण

१९ फेब्रुवारी

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद. भावाला म्हटलं, तू बाजूला हो, हे पत्र मी लिहिणार. अक्षर वेडंवाकडं आहे, भिंग लावून वाच.

काकी एकोणीस वर्षं जगली हे वाचून मी घरात सगळ्यांना गोड दिलं. भावाला वाटलं, फोरमनच्या आनंदात. म्हटलं, नाही रे, काकीच्या.

तुझ्या बाबांना निरोप मिळाला नाही, असं समजू नकोस. तू मला सांगितलंस, मी भोंग्याला सांगितलं, भोंग्याने त्यांना सांगितलं. वाटेत शब्द बदलले, पण माणूस निरोप ऐकून धावला आणि सगळ्यांना घेऊन बाहेर आला. आणखी काय करतात आनंदाच्या बातमीवर? बाहेरच येतात ना?

तुला स्टेजवर चढायचं नाही, नको चढूस. मीही चढणार नाही, माझे गुडघे दुखतात. भाऊ आणि त्याचे कर्णे काय बोलायचं ते बोलोत. आपण मागच्या बाकावर बसू. ज्यांना तुला भेटायचं असेल ते येतील. येतील बरेच, कंटाळू नकोस. त्यांच्या हातांत हात दे, बाकी काही बोलावं लागणार नाही. रडतील, तर रडू दे. पन्नास वर्षांचं आहे, थोडा वेळ लागेल.

फक्त माझ्यासाठी एक कर. माझ्या उजव्या कानाशी ये आणि ते दोन शब्द पुन्हा सांग, तेव्हा सांगितलेस तितक्याच आनंदाने. मला एकदा ते नीट ऐकायचे आहेत. आणि या खेपेलाही मी चुकीचं ऐकलं, तर भिऊ नकोस. फार तर काय होईल, मी सगळ्यांना उठवून बाहेर घेऊन जाईन. आपण दोघी उन्हात बसू.

वाट बघते.

तुझी,
बोर्डवाली ताई